दुपारचं पाणी

१

अर्पिताला वाटलं होतं, गावाकडचा कंत्राटदार म्हणजे सिमेंट खाणार, वाळूत माती मिसळणार आणि गंजलेल्या कांबी चांगल्या म्हणून गळ्यात मारणार. त्याला पकडायच्या तयारीनंच ती आली होती. एडिनबराला चार वर्षं बांधकामाचं शिक्षण घेऊन परतताना तिच्या बॅगेत कपड्यांपेक्षा मोजमापाची साधनंच जास्त होती. आणि सापडला मल्लिनाथ मिस्त्री. पन्नाशी ओलांडलेला, तंबाखू सोडून दुसरं व्यसन नसलेला. वाळू आली की मूठभर वाळू बाटलीतल्या पाण्यात टाकून हलवायचा, पाणी गढूळ दिसलं की अख्खा ट्रॅक्टर परत पाठवायचा. पकडण्यासारखं त्याच्यात काही नव्हतंच.

लोहाऱ्यापासून आठ किलोमीटरवरच्या आपल्या गावात मुलींसाठी अभ्यासिका बांधायची, हे तिनं तिकडच्या पावसात भिजत असतानाच ठरवलं होतं. बारावीनंतर अभ्यासाला जागा नाही, धाराशिवला खोली करून राहायला घरचे तयार नाहीत, म्हणून मग लग्न. हे तिला थांबवायचं होतं. वडिलांनी, अमरसिंहांनी, रस्त्याकडेची दोन गुंठे जागा काढून दिली. धाराशिवच्या एका कंत्राटदारानं येऊन मोबाइलवर रंगीत चित्रं दाखवली. मल्लिनाथनं जागेवर उभं राहून एवढंच विचारलं, "आत बसनार कोन, ताई?"

"मुली. अभ्यासाला."

"मग मावळतीकडं खिडकी नको. एप्रिलात चार वाजता पोरी भाजून निघतील."

काम तिनं तिथंच त्याला देऊन टाकलं.

दोघांचं वाजलं ते एकदाच, स्लॅब टाकल्यावर. स्लॅबवर मातीचे छोटे बांध घालून अकरा वाफे केले होते. त्यात एकवीस दिवस पाणी भरत राहायचं, म्हणजे काँक्रीट पक्कं होतं.

"सकाळी आन सांजच्याला," मल्लिनाथ म्हणाला. "मधी ओलं गोनपाट हाथरू. पुरं होतंय."

"बेचाळीस डिग्री आहे, काका. दुपारी पाणी उडून जातं. तीन वेळा भरायचं. आठ, एक, पाच."

"एकला वर कोन चढंल?"

"ज्यांना आपण कामावर ठेवू ते."

"तुमच्या पुस्तकात ऊन हाय का, ताई?"

"आहे. उन्हाचा तक्ताच आहे."

"तक्ता हाय म्हना की!" मल्लिनाथ हसला, मग हसू आवरून म्हणाला, "बरं, मग येवढं तरी ऐका. पानी एकाच बाईच्या हातचं ठेवा. आन शेवटच्या दिवशी तुमी सोता वर चढून तिला म्हनायचं, बाई, पुरं झालं. मग ती आपल्या हातानं वाफा फोडती. आमच्यात तसंच करत्यात."

"आणि नाही म्हटलं तर?"

"न्हाय म्हनून कसं चालंल? संपलं म्हनून तिला कळायचं कसं?"

अर्पिताला हे सगळं जुनाट वाटलं. एकानं वर उभं राहून पुरं म्हणायचं आणि दुसऱ्यानं ते ऐकायचं, हेच तर तिला मोडायचं होतं. "इथं मालक-बिलक कुणी नाही, काका," ती म्हणाली. "मी कागद लिहून लावते. कागद सांगेल."

२

पाण्याला गजराबाई आली. नवरा मेंढरामागं, मुलगा पुण्याला कंपनीत, घरी सून मोनिका आणि चार वर्षांची नात. गजराबाईला वाचता येत नव्हतं, म्हणून अर्पितानं कागदावर तीन सूर्य काढले. एक उगवता, एक डोक्यावरचा, एक मावळता. प्रत्येकाखाली वेळ लिहिली, शेवटी स्वतःची सही केली आणि स्लॅबवर आलेल्या खांबाच्या कांबीला, शिडी जिथं संपते तिथंच, कागद तारेनं बांधला.

गजराबाई कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "ह्यो मधला लई डोळे वटारतोय की गं, लेकी."

"कुठं वटारतोय? नुसता गोल आहे, मावशी."

"मला तर भ्या वाटतंय बाई त्याचं. जरा हसता कर की."

अर्पितानं हसत हसत पेन काढलं आणि डोक्यावरच्या सूर्याला दोन डोळे आणि रुंद हसू काढून दिलं.

"आता कसं! त्योच हसतोय म्हनल्यावर मी बी जाते," गजराबाई म्हणाली, आणि घागर घेऊन शिडीकडं वळली. दिवसा वीज नसायची, मोटार चालायची नाही. खाली ठेवलेल्या टिपाडातून, पाण्याच्या पिंपातून, घागर भरायची, शिडीनं वर न्यायची, वाफ्यात ओतायची. अकरा वाफे, अकरा खेपा.

चौथ्या दिवशी दुपारचं पाणी चुकलं. अर्पिता रागावली नाही. तिनं गजराबाईचा हात धरून तिला स्लॅबवरचा फिकट पडलेला कोपरा दाखवला. "ह्या छताखाली उद्या तुमची नात बसेल, मावशी. एकदा पाणी तुटलं की ती जागा जन्मभर कच्ची राहते. नंतर किती ओता, उपयोग नाही." बोलताना तिचा गळा भरून आला होता. तिला तेव्हा त्याचा अभिमानही वाटला होता.

"न्हाय तुटू देत," गजराबाई म्हणाली. "शब्द हाय माझा."

त्यानंतर पाणी तुटलं नाही. टँकर सहा दिवसांनी यायचा. टिपाड आटलं की गजराबाई घरच्या वाटणीचं पाणी आणून ओतायची. हे अर्पिताला फार उशिरा कळलं.

अकराव्या दिवशी दुपारी अर्पिता घरात कूलरसमोर बसून अभ्यासिकेच्या कपाटांची चित्रं काढत होती. सासू जेवायला आली नाही म्हणून मोनिका बघायला गेली. गजराबाई स्लॅबवर, शेवटच्या वाफ्याच्या कडेला आडवी झालेली, घागर कलंडलेली. जीपमध्ये घालून लोहाऱ्याला नेलं, तिथून धाराशिवला न्यायला सांगितलं. धाराशिव काही आलं नाही.

त्या संध्याकाळी सगळा गाव गजराबाईच्या दारात होता. अर्पिता एकटी बांधकामावर गेली, शिडी चढली, तार उलगडली आणि कागद काढून घेतला. वाऱ्यानं उडून जाईल, असं तिनं स्वतःला सांगितलं. वारा नव्हता. घरी येऊन तिनं तो प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घातला आणि फोल्डर कपाटात, घड्या घातलेल्या कपड्यांच्या मधोमध ठेवला.

३

काम थांबलं. बायका यायच्या बंद झाल्या, गवंडी दुसरीकडं गेले. गजराबाई गेल्यावर बाराव्या दिवशी अर्पिता मल्लिनाथला घेऊन स्लॅब बघायला आली. इतके दिवस कोरडा पडलेला स्लॅब, जागोजाग तडे गेले असणार. किती खोल गेलेत ते मोजायला तिनं पट्टी आणली होती.

ती वर चढली. अकराही वाफे काठोकाठ भरलेले होते.

पाण्यात आभाळ दिसत होतं, पांढरं, एकही ढग नसलेलं. तिनं बोट बुडवून बघितलं. पाणी गार होतं. त्या उन्हात पाणी गार कसं, हा विचार तिनं मनात येताच बाजूला सारला.

"कोण मारतंय पाणी?" तिनं वरून विचारलं.

मल्लिनाथ शिडीच्या पायथ्याशी होता. तो वर आला नाही. "मी न्हाय."

"मग कुणी सांगितलंय का कुणाला?"

त्यानं टिपाडाकडं बघितलं. अर्पिता उतरून आली. टिपाडाच्या तळाशी वाळलेल्या चिखलाच्या खपल्या होत्या, आणि तोंडावर या काठापासून त्या काठापर्यंत कोळ्याचं अखंड जाळं.

तिनं कारणं शोधली. शेजारच्या शेतातलं कुणी असेल. मोनिका असेल, दुःखात माणसं काहीही करतात. शेवटी तिनं फावडं घेतलं, बांध फोडले, पाणी सोडून दिलं. भिंतीवरून ओघळ खाली आले आणि मातीत जिरले. मल्लिनाथ तोंड फिरवून उभा होता.

"तुमी कशाला फोडला, ताई?" तो हळूच म्हणाला. "ते तिचं काम."

दुसऱ्या दिवशी वाफे पुन्हा भरलेले होते. जिथं फावडं मारलं होतं तिथं ओली माती दाबून बसवली होती. मातीत चार बोटं आणि अंगठा नीट उमटला होता. अंगठ्याशेजारी बांगडी टेकल्याची खूणसुद्धा.

४

गावानं मात्र आपला निकाल देऊन टाकला होता. भर उन्हात बाईला वर चढवून मिस्त्रीनं मारलं. मल्लिनाथची दोन ठरलेली कामं हातची गेली. चहाच्या टपरीवर तो आला की बाकावरची माणसं सरकून बसायची, जागा द्यायला नव्हे. तो उभ्यानं चहा प्यायचा आणि निघायचा.

"काका, तुम्ही बोलत का नाही?" अर्पितानं त्याला रस्त्यात गाठून विचारलं.

"काय बोलू? दुपारचं पानी मी न्हाय म्हनलं व्हतं, आसं? कागद लावला व्हता, आसं?" त्यानं तिच्याकडं बघितलं. नजरेत राग नव्हता, आणि तेच तिला सोसवेना. "कुटं हाय त्यो कागद?"

घरी अमरसिंह जेवताना सहज म्हणाले, "त्या प्रकरणात तू पडू नकोस. लोक चार दिवस बोलतात. सोलापुरात नोकरीचं विचारलंय ना कुणी? जाऊन ये थोडे दिवस. सोमवारी सकाळच्या एसटीवर सोडतो."

अर्पिता नाही म्हणाली नाही.

ती रोज दुपारी अभ्यासिकेत जाऊन बसू लागली. का जाते ते तिलाही सांगता आलं नसतं. स्लॅबखाली अजून सेंट्रिंगचे बांबू उभे होते, त्यांच्यामधून वाकून आत शिरावं लागायचं. आत अंधार, सिमेंटचा वास आणि ओल. बरोबर एकला शिडी करकरायची. मग वर अनवाणी पावलं. जोडव्यांचा बारीक टकटक आवाज. घागर टेकल्याचा ठणका. घळघळ. पावलं परत. शिडी. ऊन लागून लाकूड आकसतं, पत्रा वाजतो, हे तिला माहीत होतं. पण लाकूड अकरा खेपा करत नाही. बाराव्या खेपेला शांतता व्हायची आणि डोक्यावरच्या फळ्यांमधून एक थेंब सुटून तिच्या मानेवर पडायचा.

रविवारी सकाळी रस्त्यात मोनिका भेटली. कडेवर मुलगी होती. अर्पिताला बघून ती थांबली.

"ताई, एक विचारू? ह्या कामाच्या आधी आत्या दुपारच्या कधी उंबरा वलांडत नव्हत्या. मलाच रागवायच्या, उन्हाची भाईर पडू नको म्हनून. त्या एकला वर का गेल्या आसतील? कुनी सांगितलं आसंल?"

पोरगी अर्पिताकडं टक लावून बघत होती. उत्तर अर्पिताच्या जिभेवर होतं. तीन शब्दांचं होतं.

"मला नाही माहीत," अर्पिता म्हणाली.

मोनिकानं मान हलवली. "मिस्त्रीच म्हनला आसंल मग," ती म्हणाली, आणि निघून गेली.

घरी येऊन अर्पितानं सोलापूरला जायची बॅग भरायला घेतली. कपड्यांच्या मधला फोल्डर हाताला ओला लागला. वरचे कपडे कोरडे, खालचे कोरडे. फोल्डरच्या तोंडातून पाणी झिरपत होतं. कागद बाहेर काढला तर उगवता सूर्य शाई फुटून पसरला होता, मावळता ओळखू येत नव्हता. मधला मात्र जसाच्या तसा होता. तो हसत होता.

घड्याळात साडेबारा झाले होते.

५

ती धावतच गेली. मनात एकच वाक्य घोळत होतं. जे तिनं म्हणायचं राहून गेलं होतं ते म्हणायचं आणि सुटायचं. उद्या सकाळची एसटी.

रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. शिडीच्या पायऱ्या हाताला चटके देत होत्या. ती वर आली आणि वाफ्यांच्या कडेला उभी राहिली. स्लॅबवरची हवा उकळत्या पाण्यासारखी थरथरत होती. पलीकडची बाभळ, विजेचा खांब, सगळं वाकडं होऊन हलत होतं.

एक वाजला असावा. शिडी करकरली.

अर्पितानं वळून बघितलं नाही. तिच्या बाजूनं काहीतरी ओलं, गार गेलं. काँक्रीटवर पाऊल उमटलं, मग दुसरं. टाच, तळवा, पाच बोटं. त्या उन्हात थेंब टेकायच्या आधी सुकतो. ही पावलं सुकत नव्हती. पहिल्या वाफ्यात पाणी पडायला लागलं. ओतणारं कुणी दिसत नव्हतं. पाणी मात्र कमरेएवढ्या उंचीवरून पडत होतं.

"मावशी," अर्पिता म्हणाली. तिनं पुन्हा म्हटलं, "गजरामावशी, पुरं झालं."

पाणी थांबलं.

तिला रडू आलं. सुटल्याचं रडू. तिनं डोळे पुसले, आणि त्या थरथरत्या हवेत क्षणभर तिला दिसलं. हिरव्या लुगड्याचा काठ, त्यातून निथळणारं पाणी, भेगाळलेल्या टाचा. त्याच्या वर तिनं बघितलं नाही.

टाचा वळल्या. पावलं तिच्याकडं येऊ लागली. अर्पिता मागं सरकली, पण पावलं तिच्यापाशी आलीच नाहीत. ती शिडीच्या तोंडाशी गेली, खांबाच्या त्या वर आलेल्या कांबीपाशी, आणि तिथं थांबली. दोन ओले ठसे शेजारी शेजारी, बोटं कांबीकडं. वाचता न येणारं माणूस कागदासमोर उभं राहतं तसे. कांबीला रिकामी तार लोंबत होती.

तार हलली. जशी काही कुणी बोटानं चाचपून बघितली.

अर्पितानं पुन्हा "पुरं झालं" म्हणायला तोंड उघडलं, पण रस्त्यात मोनिकाला दिलेलं उत्तरच तिच्या तोंडात होतं. दुसरं काही येईना.

मग पावलं परत फिरली. घागर टेकली. दुसऱ्या वाफ्यात पाणी पडू लागलं.

६

सोमवारी पहाटेच अर्पिता उठली. बॅग दाराशी भरून ठेवलेली होती. अमरसिंह गाडीची चावी घेऊन अंगणात आले, तेव्हा तिच्या हातात बॅग नव्हती. फोल्डरही नव्हता. नुसता कागद होता, आणि त्यातून पाण्याचे थेंब पडत होते.

"कुठं निघालीस?"

"गजरामावशीच्या घरी. तिथून मल्लिनाथकाकांकडे. मग टपरीवर, सगळे बसलेले असतील तेव्हा."

"अर्पिता, नीट विचार कर. अभ्यासिका तशीच पडून राहील. एक पोरगी पाय ठेवणार नाही तिथं."

तिनं विचार केला होता, रात्रभर. काँक्रीटचं गणित बरोबर होतं, त्याला एवढं पाणी लागतच होतं. आणि ती काही परक्या मुलखातून आलेली नव्हती. याच अंगणात वाढलेली, एप्रिलातला दुपारचा एक म्हणजे काय ते तळपायांना माहीत असलेली. "हो, पडून राहील," ती म्हणाली, आणि फाटकाबाहेर पडली.

मोनिका दारात सडा घालत होती. तांब्याभर पाणी, तेही हातानं जपून शिंपडत. अर्पितानं कागद तिच्यापुढं धरला. मोनिका बारावी शिकलेली. तिनं हात पदराला पुसले, कागद घेतला, आधी खालची सही वाचली. मग वेळा. आठ आणि पाच पुसले होते. एक तेवढा स्पष्ट होता.

लांब रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला. मोनिकानं वर बघितलं नाही. तिचं बोट मधल्या सूर्यावर थांबलं होतं.

"ह्यो हसतोय कशाला?" तिनं विचारलं.

अर्पितानं चपला काढल्या, ओल्या सड्यावर खाली बसली, आणि तिथूनच सांगायला सुरुवात केली.

"तो मी हसवला," ती म्हणाली.